टेरीसाहेबांची अंबरनाथची शाळा

मुंबईच्या कलाशाळेचा इतिहास सांगू बसणारे बहुतेक लेखक अजिंठ्यापासून आरंभ करतात. १८७२ साली जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन वाघूर नदीच्या काठच्या त्या लेण्यांत गेले, अंधारात मशाली लावून भिंतीवरील चित्रांच्या नकला करू लागले, आणि तेथे प्रथमच आपल्या मुलांना आपल्याच पूर्वजांच्या हाताची ओळख झाली, असे सांगण्याचा प्रघात पडून गेला आहे. त्या सांगण्यात असत्य फारसे नाही. परंतु ग्रिफिथ्सच्याही चार वर्षे आधी, १८६८ साली, त्याच शाळेचे दुसरे एक गुरू, जॉर्ज विल्किन्स टेरी, आपल्या विद्यार्थ्यांसह कल्याणच्या आग्नेयेस थोड्या मैलांवर, वालधुनीच्या काठी असलेल्या अंबरनाथच्या शिवालयापाशी आले आणि त्या काळ्या पाषाणातील मूर्तींची व नक्षीची मापे घेऊन आरेखने करण्याचे व ठसे घेण्याचे काम त्यांनी केले, ही गोष्ट मात्र या प्रांतीही थोड्यांना ठाऊक असते. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर मिळून आज जी एक अखंड वस्ती झाली आहे, जिच्या एका अंगाला आनंदनगरच्या कारखान्यांची शेडे पसरली आहेत, तिच्या भूमीवर आधुनिक महाराष्ट्राच्या कलाशिक्षणाचा एक आद्य पाठ गिरवला गेला, हे मला मोठ्या अगत्याने सांगावेसे वाटते.

त्या पाठाचे मोल कळण्यासाठी शाळेच्या जन्माकडे वळणे भाग आहे. सर जमशेटजी जिजीभाई या दानशूर पारशी व्यापाऱ्याने १८५३ साली सरकारपुढे एक लाख रुपयांची देणगी ठेवली आणि चित्रकला व कारागिरी शिकवणारी एक शाळा मुंबईत निघावी अशी इच्छा प्रकट केली. लंडनला १८५१ साली भरलेल्या महाप्रदर्शनात हिंदुस्थानच्या विणकऱ्यांनी, मीनाकारांनी व काष्ठशिल्पींनी पाठविलेल्या वस्तू पाहून युरोपचे जाणते लोक थक्क झाले होते. आणि ज्या यंत्रयुगाने इंग्लंडला श्रीमंत केले त्याच यंत्रयुगाने तेथील कारागिरांची अभिरुची बिघडवली, ही रुखरुख तिकडच्या विचारी लोकांना लागलेली होती. या दोन भावनांच्या संगमातून आपल्याकडील कलाशाळा जन्मल्या. २ मार्च १८५७ रोजी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या इमारतीत चित्रकलेचा पहिला वर्ग भरला. त्यानंतर दोनच महिन्यांनी उत्तरेत बंडाचा वणवा पेटला, आणि तरीही मुंबईत मुले कागदावर वर्तुळे व वेलबुट्ट्या काढीत राहिली.

शिकवण्याची पद्धत मात्र सर्वस्वी परकी होती. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथे हेन्री कोल यांच्या देखरेखीखाली जी शिक्षणपद्धती सिद्ध झाली होती, तीच जहाजात घालून येथे आणलेली होती. प्रथम सपाट नमुन्यावरून रेषांची नक्कल, मग भूमितीची घनाकृती, मग प्लास्टरच्या ओतीव नमुन्यावरून छायाप्रकाश, आणि या पायऱ्या चढून गेल्यावर अखेर सजीव माणूस, असा तिचा क्रम असे. तिचे काही पाझर आजही आपल्या घरी आहेत. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांना ज्या मुलांनी पेन्सिल टोकदार करून बसावे, त्यांनी ध्यानी घ्यावे की मुक्तहस्तचित्र, स्थिरचित्र, संकल्पचित्र हे त्यांचे विषय याच वृक्षाच्या फांद्या आहेत. या पद्धतीत शिस्त होती, नजर पक्की करण्याचे सामर्थ्य होते. परंतु मुलांच्या पुढे ठेवलेले प्लास्टरचे नमुने ग्रीक आणि रोमन होते. भुलेश्वरच्या गल्लीतून येणाऱ्या मुलाने अकँथसच्या पानाची वळणे घोटावीत, आणि आपल्या आजोळच्या देवळाच्या खांबावरील कीर्तिमुखाकडे त्याचे लक्षही जाऊ नये, ही त्या पद्धतीतील उणीव होती.

टेरी हे या शाळेच्या आरंभीच्या काळातले शिक्षक व पुढे तिचे सुपरिंटेंडेंट. त्यांच्या भोवती जी माणसे आली त्यांची कीर्ती त्यांच्याहून फार मोठी झाली. १८६५ साली सरकारने शाळेला तीन कार्यशाळा जोडल्या आणि त्यांसाठी विलायतेहून तीन तरुण माणसे बोलावली: सजावटीच्या चित्रणासाठी वेल्समध्ये जन्मलेले जॉन ग्रिफिथ्स, वास्तुशिल्पासाठी जॉन लॉकवुड किपलिंग, आणि लोहकामासाठी मायकेल हिगिन्स. किपलिंग यांचा मुलगा रडयार्ड त्याच वर्षाच्या ३० डिसेंबरला मुंबईत जन्मला आणि पुढे जगप्रसिद्ध लेखक झाला. त्यामुळे बापाचेही नाव टिकले. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरील उठावशिल्पे पाहणाऱ्याला लॉकवुड किपलिंग भेटतात, व्हिक्टोरिया टर्मिनसच्या भिंती पाहणाऱ्याला ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी भेटतात. टेरींसाठी मात्र अशी एकही जागा मुंबईच्या हमरस्त्यावर नाही. त्यांना भेटायचे तर अंबरनाथला यावे लागते.

१८६८ साली हिंदुस्थान सरकारने देशातील प्राचीन वास्तूंची आरेखने व ठसे घेण्यासाठी निरनिराळ्या प्रांतांतून मंडळ्या रवाना करण्यास मंजुरी दिली. त्या हुकुमामागची बुद्धी समजून घेण्याजोगी आहे. जेम्स फर्ग्युसन यांच्यासारख्या पंडितांनी हिंदुस्थानच्या वास्तुकलेचे वर्गीकरण करण्याचा उद्योग आरंभला होता. त्यांना समक्ष देवळे पाहता येत नसत तेव्हा ठसे, आरेखने आणि छायाचित्रे यांवर विसंबावे लागे. आणि लंडनच्या संग्रहालयांनाही आपल्या दालनांत पूर्वेकडील शिल्पाच्या प्रतिकृती उभ्या करण्याची हौस होती. बंगालमधून कलकत्त्याच्या कलाशाळेचे विद्यार्थी भुवनेश्वरला गेले आणि त्यांच्याबरोबर थोर संशोधक राजेंद्रलाल मित्र गेले. वायव्य प्रांताच्या बाजूने हेन्री हार्डी कोल या लष्करी इंजिनिअराने सांचीच्या स्तूपाच्या पूर्व तोरणाचा ठसा घेतला आणि तो पुढे साउथ केन्सिंग्टनला गेला. मुंबई इलाख्याच्या वाट्याला अंबरनाथ आले, आणि ती कामगिरी टेरींकडे सोपविण्यात आली.

सारा दख्खन लेण्यांनी भरलेला असता अंबरनाथचीच निवड का व्हावी, याचा विचार करताना दोन कारणे दिसतात. एक तर येथे येणे सोयीचे होते: मुंबई-ठाणे लोहमार्ग १८५३ साली सुरू झाला होता, कल्याणहून खोपोलीच्या दिशेने जाणारी गाडी १८५६ पासून याच भागातून धावत होती, आणि प्लास्टरची पोती, लाकडाची चौकट व कागदांचे मोठे ताव घेऊन जाणाऱ्या मंडळीला बैलगाडीचा लांबचा प्रवास टळत होता. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण म्हणजे ते देवालयच. उत्तर कोकणात त्याच्या तोडीचे दुसरे प्राचीन शिवालय उभे नाही.

ठाण्यास राजधानी करून उत्तर कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहारांचे हे देवालय भूमिज शैलीचे आहे, म्हणजे त्याच्या शिखराच्या चारी बाजूंना उभ्या लता चढत जातात आणि त्यांच्या दरम्यान लहान लहान शिखरांच्या ओळी एकावर एक रचलेल्या असतात. माळव्यातील परमारांच्या काळी बहरलेली ही शैली सह्याद्री उतरून कोकणच्या या कातळावर येऊन उभी राहिली, हीच एक नवलाची गोष्ट आहे. देवळाचे तोंड पश्चिमेस असून उत्तर, दक्षिण व पश्चिम अशा तीन बाजूंना मुखमंडप आहेत. आणि गाभारा सभामंडपाच्या पातळीवर नसून पायऱ्या उतरून खाली गेल्यावर लागतो. शिखराचा माथा पुरा नाही, त्यामुळे देवावर आकाशाचाच प्रकाश पडतो. बाहेरच्या भिंती सरळ धावतच नाहीत; त्या कोनाकोनांनी आत-बाहेर मोडत जातात आणि प्रत्येक मोडीवर एक मूर्ती उभी असते. खाली गजथर आहे, वर देवता व सुरसुंदरी आहेत. मंडपातल्या चार कोरीव खांबांवर जे घुमटाकार छत तोललेले आहे त्याची वर्तुळावर्तुळांनी उमलत गेलेली नक्षी मान वर करून पाहता पाहता डोळे निवतात.

अशा वास्तूपुढे साउथ केन्सिंग्टनच्या नमुन्यांवर वाढलेल्या मुलाला बसवले म्हणजे काय होत असेल, याची कल्पना चित्रकलेचा थोडाही सराव असलेल्या वाचकाला करता येईल. कागदावर प्रथम तलविन्यास उतरवावा लागतो, आणि अंबरनाथच्या तलविन्यासात एकच चौरस आपल्या मध्यबिंदूभोवती फिरवीत गेल्याने पडणारे कोन आहेत; ओळंबा, दोरी व गज घेऊन प्रत्येक कोन मोजल्यावाचून तो कागदावर येतच नाही. भिंतीचे उंचीचे आरेखन काढताना उजेड जसा सरकतो तशी एक मूर्ती सावलीत जाते आणि दुसरी पुढे येते. थराथरांची जाडी, त्यांच्या पुढे आलेल्या कडा, कणीचे उतार ही सारी मोजमापाने टिपावी लागतात. आणि असे टिपता टिपताच ध्यानात येते की ज्याला दुरून आपण नक्षीची गर्दी समजत होतो तिच्यात एकही रेषा वावगी नाही. प्रत्येक थराला आधीच्या थराचा हिशेब ठाऊक आहे. माझ्या मते या विद्यार्थ्यांना शाळेतल्या प्लास्टरच्या नमुन्यांनी जी शिस्त दिली होती, तिचा खरा उपयोग येथे प्रथमच झाला, आणि त्याच वेळी ती शिस्त अपुरी आहे हेही येथेच प्रथम उमगले असले पाहिजे. कारण ग्रीक नमुन्यावरून शिकलेला छायाप्रकाश माणसाच्या अंगाला लागू पडतो, परंतु सुरसुंदरीच्या कमरेचे वळण स्नायूंच्या हिशेबाने सुटत नाही, त्याला लय ओळखावी लागते.

ठसे घेण्याचे काम याहून कष्टाचे असते. पाषाणाचा पृष्ठभाग आधी स्वच्छ करून त्याला तेलाचा किंवा साबणाचा हात द्यायचा, म्हणजे साचा चिकटून राहत नाही. नक्षी सपाट असेल तर मऊ मातीचा किंवा ओल्या कागदाचा ठसा पुरतो. परंतु मूर्तीचा हात, कानातले कुंडल, मुकुटाची कड जेथे दगडापासून सुटून पुढे आलेली असते तेथे प्लास्टरचा साचा अनेक तुकड्यांत घ्यावा लागतो, प्रत्येक तुकड्याला खूण करावी लागते, आणि मग ते तुकडे बाहेरून मोठ्या कवचात बसवून आत प्लास्टर ओतावे लागते. एखादा तुकडा चुकीच्या दिशेने ओढला तर साचाही मोडतो आणि दगडाचा टवकाही उडतो. या कामाकडे आजच्या जाणकाराने निखळ कौतुकाने पाहू नये, असेच मला वाटते. आठशे वर्षांच्या पाषाणावर तेल-प्लास्टर चढवणे आज कोणताही पुरातत्त्ववेत्ता मंजूर करणार नाही. पण त्या काळी वस्तूचे जतन करण्याचा दुसरा सर्वांगपूर्ण मार्ग माहीत नव्हता, आणि ज्यांच्या बोटांनी तो साचा प्रत्येक खळग्यात दाबला त्यांना त्या मूर्तीचे जे ज्ञान झाले ते नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्याला होणे शक्य नाही.

त्या कामाची ओळख टेरींच्या नावाने राहिली. त्यांच्या हाताखालच्या मराठी, गुजराती, पारशी मुलांची नावे कोणाच्या तोंडी उरली नाहीत. ज्या शिल्पींनी हे देवालय घडवले तेही तसेच निनावी आहेत. नाव आहे ते राजाचे. उत्तरेकडील दाराच्या आतल्या बाजूस एक शिलालेख कोरलेला आहे आणि त्यात शिलाहार राजा मुम्मुणी याचे नाव येते. या लेखाचा पहिला वाचक मुंबईचे सुप्रसिद्ध डॉक्टर आणि प्राच्यविद्यापंडित भाऊ दाजी लाड; त्यांनी साधारण याच काळात लेखाचे वाचन प्रसिद्ध केले आणि शक ७८२ असा काळ सांगितला. पुढे भगवानलाल इंद्रजी यांनी अक्षरे पुन्हा तपासून तो शक ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असल्याचे दाखवून दिले आणि देवळाचे वय एका दमात दोनशे वर्षांनी उतरले. झिजलेल्या पाषाणावरच्या एका अंकाने एवढे अंतर पडावे, यावरून कागदावर काळजीपूर्वक टिपून ठेवण्याचे महत्त्व किती, हे सहज ध्यानी येते. अंबरनाथविषयीचा लेख १८७४ साली ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात आला, आणि १८८२ साली ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर लिहिणाऱ्यांनी त्याचा आधार घेतला. आपल्या गावाची माहिती शोधणारा प्रत्येक अंबरनाथकर आजही याच वाटेने मागे जातो.

अंबरनाथनंतर टेरींचा ओढा कुंभारकामाकडे वळला. शाळेत त्यांनी झिलईच्या भांड्यांचा कारखाना उभा केला आणि त्यासाठी सिंधमधून उत्तम कुंभार मुंबईस आणले. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच मोडत असे, आणि हाला व हैदराबाद येथील निळ्या, हिरव्या, पिवळ्या झिलईच्या फरशा व बरण्या फार नामांकित होत्या. त्या कुंभारांच्या भट्टीतून मुंबईत अशी भांडी निघू लागली की ती अस्सल सिंधी भांड्यांपासून वेगळी ओळखणे कठीण जावे. आणि पुढे अजिंठ्याच्या भिंतींवरील आकृती व वेली उतरवलेली भांडीही तेथे तयार झाली. ‘वंडरलँड आर्ट पॉटरी’ या नावाने ती विलायतेपर्यंत पोहोचली, आणि भायखळ्याच्या संग्रहालयात, ज्याला आज भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे, त्यांचे नमुने पाहायला मिळतात. एक गोष्ट येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. टेरींनी सिंधी कारागिरांना मुंबईस आणल्यानंतर सुमारे पाऊणशे वर्षांनी, फाळणीच्या वणव्यात सर्वस्व गमावलेले सिंधी बांधव हजारोंच्या संख्येने कल्याणजवळच्या लष्करी छावणीत येऊन राहिले, आणि १९४९ साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले. अंबरनाथच्या शिवालयापासून ही वस्ती हाकेच्या अंतरावर आहे. ज्या प्रांताच्या हातांना एका चित्रगुरूने सन्मानाने बोलावून घेतले, त्याच प्रांताची माणसे पुढे निराधार होऊन याच नदीकाठी यावीत, आणि त्यांनी पुन्हा आपल्या हातांच्या कसबावरच उद्योगांचे शहर उभे करावे, हा इतिहासाचा योग मनात घर करून राहतो.

टेरींच्या या भांड्यांची मुक्तकंठाने स्तुती करणारे जॉर्ज बर्डवुड हे त्या काळचे मोठे कलाविवेचक. मुंबईत डॉक्टर म्हणून अनेक वर्षे काढलेल्या या गृहस्थाने १८८० साली हिंदी हस्तकलांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात टेरींच्या उत्साहाचा गौरव आहे. परंतु त्याच ग्रंथात ललितकला म्हणून शिल्प आणि चित्र हिंदुस्थानात नाहीतच, असाही निर्वाळा आहे. आणि १९१० साली लंडनच्या एका सभेत एका बुद्धमूर्तीविषयी त्यांनी जे अनुदार उद्गार काढले, त्यांतून मोठा वाद पेटला. कुंभाराच्या हाताला शाबासकी आणि मूर्तिकाराच्या प्रतिभेला नकार, ही त्या पिढीतल्या कित्येक साहेबांची दृष्टी होती. तेवढ्यासाठी अंबरनाथचे काम मला अधिक मोलाचे वाटते. सरकारी दफ्तरात ते नक्षीचे व वास्तूचे टिपण म्हणून नोंदले गेले असेल. तरी मापे घेत, साचे दाबत ज्या मुलांनी महिषासुरमर्दिनीपुढे आणि नटेशापुढे दिवस काढले, त्यांना तेथे नक्षीच दिसली असेल, हे मला पटत नाही.

पुढची कथा सर्वश्रुत आहे. ग्रिफिथ्स १८७२ ते १८८५ या काळात हिवाळ्या-हिवाळ्याला अजिंठ्यास जात राहिले, पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे गुणी विद्यार्थी त्यांच्याबरोबर राबले, आणि शेकडो नकला सिद्ध झाल्या. त्यांच्या आधी मेजर रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या नकला १८६६ च्या डिसेंबरात क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या होत्या. १८८५ च्या जूनमध्ये साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात आग लागली आणि ग्रिफिथ्सच्याही पुष्कळ नकला तीत गेल्या. उरलेल्यांवरून १८९६-९७ मध्ये त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला. रंग उठून दिसावेत म्हणून मूळ भित्तिचित्रांवर त्यांनी व्हार्निश चढवले आणि ते पुढे काळवंडून चित्रांना अपायकारक ठरले. चित्रांच्या प्रेमातला माणूसही वस्तूला इजा करू शकतो, हे त्या व्हार्निशने दाखवले. तथापि ज्या शाळेतून १८९० मध्ये दाखल झालेले चित्रकार धुरंधर पुढे तिचेच गुरू झाले आणि ‘कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे’ लिहून गेले, त्या शाळेला देशी विषय, देशी वेष आणि देशी देवता चित्रात आणण्याची हिंमत मिळाली ती या दोन कामगिऱ्यांतून. अजिंठ्याला त्याचे श्रेय उदंड मिळाले आहे. अंबरनाथचा हिस्सा अजून पदरी पडायचा आहे.

आज या शिवालयाभोवती जे शहर उभे आहे त्याने पाषाणावर आपली खूण उमटवली आहे. वालधुनीत कारखान्यांचे पाणी मिसळते, हवेत रसायनांची वाफ असते, पावसाळ्यात थरांच्या कडा अधिकच बोथट होत जातात. पुरातत्त्व खात्याचे संरक्षण आहे आणि महाशिवरात्रीला दूरदूरच्या गावांहून लोटणारी गर्दीही आहे. तरीही कोणत्या मूर्तीचे नाक, कोणत्या सुरसुंदरीचे बोट, कोणत्या थराची कणी केव्हा गेली, हे ठरवायला एकोणिसाव्या शतकातल्या त्या आरेखनांसारखे दुसरे साधन नाही. त्यांच्या मोठ्या प्रतिकृती देवळाच्या परिसरात लावाव्यात. आणि उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथील शाळांच्या चित्रकला शिक्षकांनी आपल्या एलिमेंटरीच्या मुलांना वर्षातून एकदा पाटी-पेन्सिल व ओळंबा देऊन त्या भिंतीपुढे बसवावे, एकेक थर मोजायला लावावा, आणि मुलाने काढलेली रेषा टेरींच्या विद्यार्थ्यांनी काढलेल्या रेषेशी ताडून पाहावी, एवढी व्यवस्था नगरपालिकांना सहज करता येण्याजोगी आहे, आणि तिला खर्चही फारसा लागणार नाही.